पाळीवरची माणसे : ‘खुकरी’च्या सन्मानाविषयी एक संवाद

9 डिसेंबर 1971 रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवच्या किनाऱ्यापासून 35 ते 40 सागरी मैलांवर, ‘आयएनएस खुकरी’ ही भारतीय नौदलाची फ्रिगेट, म्हणजे शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढून त्यांचा नाश करण्यासाठी बांधलेली मध्यम आकाराची युद्धनौका, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीच्या टॉर्पेडोने फुटली आणि अवघ्या काही मिनिटांत तळाला गेली. टॉर्पेडो हे पाण्याखालून स्वतःच्या यंत्राच्या जोरावर लक्ष्याकडे धावणारे स्फोटक अस्त्र असते आणि ते जहाजाच्या पोटाखाली, दारूगोळ्याच्या किंवा इंधनाच्या कोठाराजवळ फुटले, तर जहाज वाचवण्याची संधी सहसा मिळत नाही. या हल्ल्यात 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक मृत्युमुखी पडले. 67 जण वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली जगातील ही पहिली युद्धनौका होती आणि स्वतंत्र भारताने युद्धात गमावलेली ती आजवरची एकमेव युद्धनौका आहे.

‘खुकरी’ दीवजवळ बुडाली, पण तिचा संसार मुंबईचा होता. 14व्या फ्रिगेट स्क्वाड्रनमधील ही नौका आपल्या ‘किरपाण’ या जोडनौकेसह मुंबईतूनच पाणबुडीच्या शोधात निघाली होती आणि तिच्यावरच्या माणसांची बिऱ्हाडे, उधारीच्या वह्या, शाळेत जाणारी मुले याच शहरात मागे राहिली होती. त्यामुळे या नौकेच्या खलाशांचा सन्मान कसा करावा, हा प्रश्न दीव किंवा दिल्लीपुरता ठेवता येत नाही. तो मुंबईचा आणि तिच्या उपनगरांचाही आहे.

विक्रोळीची ओळख गोदरेजचे कारखाने, गृहनिर्माण मंडळाच्या चाळवजा इमारती आणि फक्त धीम्या लोकल थांबणारे स्टेशन अशी असली, तरी हे उपनगर समुद्रापासून वाटते तितके दूर नाही. त्याच्या पूर्वेला कांदळवन आहे, कांदळवनापलीकडे ठाण्याची खाडी आहे आणि त्या खाडीचे पाणी ट्रॉम्बेला वळसा घालून मुंबई बंदरात, म्हणजे नौदलाची गोदी जेथे आहे त्याच पाण्यात मिसळते. शेजारच्या कांजूरमार्गला नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे, घाटकोपरला नौदलाचे साहित्यभांडार आहे आणि कुर्ल्याला हार्बर मार्गाची गाडी पकडून डॉकयार्ड रोडला कामावर जाणारी माणसे या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

येथे मांडलेला संवाद विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरातील दोन प्रातिनिधिक व्यक्तींमधला आहे. त्यांतले एक नौदलातून चीफ पेटी ऑफिसर, म्हणजे नाविकांच्या श्रेणीतील वरिष्ठ हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आयुष्यभर बॉयलर आणि टर्बाइनच्या उष्म्यात काम केलेले गृहस्थ आहेत. वसाहतीत त्यांना लहानथोर सगळे ‘चीफकाका’ म्हणतात. दुसरी व्यक्ती म्हणजे महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई आहेत. वसाहतीच्या वाचनालयात 9 डिसेंबरला ‘खुकरी’च्या स्मरणार्थ एक फलक लावायचे ठरते, मजकूर तयार करण्याचे काम या दोघांकडे येते आणि फलकावर काय लिहावे या साध्या प्रश्नापासून वाद सुरू होतो.

चीफकाकांनी केलेल्या मसुद्यात सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, ‘खुकरी’चे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव होते आणि त्याखाली ते आपल्या जहाजाबरोबर सागरात विलीन झाले, असे वाक्य होते. बाकीच्या 193 जणांचा उल्लेख शेवटच्या ओळीत, एकत्रित आकड्याच्या रूपाने आला होता. बाईंचा पहिला आक्षेप याच रचनेला होता.

“काका, कॅप्टन मुल्लांच्या धैर्याविषयी कोणाचाच वाद नाही,” असे सांगून त्या म्हणाल्या, “पण हा मजकूर वाचणाऱ्या मुलाच्या मनावर ठसेल ते एवढेच, की त्या रात्री एक माणूस शूर होता आणि उरलेले एकशे त्र्याण्णव फक्त मेले. शिवाय जहाजाबरोबर बुडणे हेच शौर्य असेल, तर जे 67 जण पोहून, तराफ्याला धरून, रात्रभर तेलाने माखलेल्या पाण्यात तग धरून परत आले, त्यांनी काय केले म्हणायचे?”

चीफकाकांना हे रुचले नाही. “बाई, जहाजावर कप्तान एकच असतो,” त्यांनी उत्तर दिले. “जमिनीवरच्या पलटणीचा अधिकारी मागे सरकू शकतो, दुसरी तुकडी बोलावू शकतो, समुद्रात मागे सरकायला जागा नसते. जहाज सुरक्षित असो वा बुडत असो, त्यावरच्या प्रत्येक जिवाचा हिशेब कप्तानाच्या खात्यावर असतो. म्हणूनच सर्वांत शेवटी जहाज त्यानेच सोडायचे, ही परंपरा आहे. कोणत्याही नियमावलीत त्याने बुडालेच पाहिजे असे लिहिलेले नाही, तरी ज्याने ती परंपरा शेवटच्या श्वासापर्यंत पाळली त्याचे नाव वर असणारच.”

या उत्तरात तथ्य आहे, कारण नौदलातील कप्तानपद हे नुसते अधिकारपद नसते. कप्तान एकाच वेळी जहाजाचा चालक, सेनापती, न्यायाधीश आणि कुटुंबप्रमुख असतो. खलाशी त्याच्या निर्णयाच्या परिणामांपासून एका लोखंडी भिंतीइतकाही दूर नसतो. कोकणातल्या गलबतांवर तांडेलाचा शब्द जसा अखेरचा, तसाच आधुनिक युद्धनौकेवर कप्तानाचा. ज्याच्या एका शब्दावर शेकडो माणसे आपल्या जागेवर उभी राहतात, त्याने संकटात काय केले याला म्हणूनच वेगळे महत्त्व येते.

तथापि त्या रात्री कॅप्टन मुल्लांनी नेमके काय केले, हे पाहण्यासाठी लोकस्मृतीपेक्षा अधिकृत मानपत्र अधिक उपयोगी ठरते. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र, म्हणजे युद्धकाळातील शौर्यासाठी दिला जाणारा परमवीरचक्राखालोखालचा सन्मान, देण्यात आला. त्या मानपत्राचा आशय असा आहे, की जहाज वाचणार नाही हे ओळखताच त्यांनी ते सोडण्याचा आदेश दिला, माणसे तराफ्यांत आणि होड्यांत उतरतील याची व्यवस्था शांतपणे पाहिली, स्वतःचे जीवरक्षक साधन एका नाविकाला देऊन टाकले, शक्य तितक्या माणसांना बाहेर काढल्यावर आणखी कोणाला वाचवता येते का हे पाहण्यासाठी ते पुन्हा ब्रिजवर, म्हणजे जहाज जेथून चालवले जाते त्या उंच कक्षात गेले, आणि हे करत असतानाच जहाजाबरोबर जाताना ते अखेरचे दिसले.

बाईंनी या मानपत्राकडे बोट दाखवले आणि वादाला वेगळेच वळण मिळाले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मानपत्रातील प्रत्येक क्रियापद कामाचे आहे: आदेश देणे, देखरेख करणे, देऊन टाकणे, परत जाऊन पाहणे. मृत्यू त्या कामाच्या मध्येच आला. तो हेतू म्हणून कोठेही लिहिलेला नाही. कप्तानाने मरण पत्करले एवढेच लोकांच्या लक्षात राहिले आहे, आणि माणसांना वाचवण्याचे त्याचे काम मरेपर्यंत चालूच होते ही त्याहून कितीतरी मोठी गोष्ट मागे पडली आहे.

येथे चीफकाका थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी स्वतःच्या मसुद्यातील ‘सागरात विलीन झाले’ हे शब्द खोडले. यंत्रकक्षात आयुष्य घालवलेल्या माणसाला काम हा शब्द बलिदानापेक्षा हलका वाटत नाही, हे त्यामागचे कारण असावे. मात्र एवढे मान्य करताना त्यांनी बाईंवर त्यांचेच शस्त्र उलटवले: “काम हेच शौर्य असेल, तर मग खाली बॉयलर रूममध्ये जो होता त्याचे शौर्य कोण लिहिणार? त्याला पाहिलेला माणूसच वर आला नाही.”

हा प्रश्न या सबंध विषयाच्या मुळाशी आहे. शौर्यपदकांची पद्धत साक्षीवर उभी असते. कोणीतरी पाहिलेले असावे लागते, आणि पाहणारा जिवंत परतावा लागतो. ‘खुकरी’ ही ब्रिटनमध्ये बांधलेली, वाफेच्या टर्बाइनवर चालणारी, दोन बॉयलर आणि जहाज पुढे ढकलणारा एकच पंखा असलेली जुन्या ब्लॅकवुड वर्गातील नौका होती. अशा नौकेत बॉयलर आणि यंत्रे पाण्याच्या पातळीखाली असतात, तेथून वर येण्याची वाट म्हणजे उभी लोखंडी शिडी आणि तिच्या टोकाला हॅच, म्हणजे जड झाकण असलेले चौकोनी तोंड. स्फोटानंतर दिवे गेलेले, वाफेच्या नळ्या फुटलेल्या आणि जहाज एका अंगाला कललेले असताना ती शिडी चढणे किती अवघड असेल, हे कळायला समुद्रावर जावे लागत नाही. नौदलात दिवसरात्रीच्या पाळ्यांना ‘वॉच’ म्हणतात आणि नेहमीच्या वेळापत्रकानुसार रात्री आठला नवी पाळी सुरू होते. म्हणजे हल्ला झाला तेव्हा खाली गेलेली माणसे जेमतेम पाऊण तासापूर्वी कामावर रुजू झालेली असणार, आणि पाळी संपवून वर आलेली माणसे जेवणाच्या किंवा रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळेला मोकळी झालेली असणार. कोण वाचला आणि कोण नाही, हे पुष्कळ अंशी या पाऊण तासाने ठरवले असे म्हणावे लागते.

कारखान्याच्या तीन पाळ्यांवर घड्याळ लावणाऱ्या विक्रोळीला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या पाळीवर, आपल्या जागेवर, नेमून दिलेले काम करत राहणे आणि खालून निघायला वाट नाही हे ठाऊक असूनही युद्धकाळात रोज तेथे उतरणे, हे धैर्य कोणत्याही मानपत्रात मावत नाही. कारण ते एका क्षणाचे नसते, दररोजचे असते. या लेखाची भूमिका स्पष्टपणे अशी आहे, की ‘खुकरी’च्या सन्मानातील सर्वांत मोठी उणीव नेमकी हीच आहे.

वादाचा दुसरा भाग अधिक कडवट होता आणि तो नौका का बुडाली याविषयी होता. नौदलाचा 1965 ते 1975 या काळाचा इतिहास ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ या ग्रंथात लिहिणारे व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी या घटनेची चर्चा मोकळेपणाने केली आहे. सोनार, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा पत्ता लावणारे यंत्र, हे ‘खुकरी’चे मुख्य हत्यार होते, पण तिचे सोनार जुन्या पिढीचे होते, तर ‘हंगोर’ ही फ्रान्समध्ये बांधलेली डॅफ्ने वर्गातील नवी पाणबुडी तिचा आवाज कितीतरी अधिक अंतरावरून ऐकू शकत होती. ‘खुकरी’वरील एका तरुण अधिकाऱ्याने सोनारचा पल्ला वाढवणारे प्रायोगिक उपकरण तयार केले होते आणि त्याचा उपयोग व्हावा म्हणून जहाजाचा वेग कमी ठेवला जात होता, कारण वेग वाढला की पाण्याचा आणि यंत्रांचा गोंगाट सोनारच्या कानात भरतो. दुर्दैवाने, दबा धरून बसलेल्या पाणबुडीला नेम धरण्यासाठी हळू चालणाऱ्या जहाजाइतके सोपे लक्ष्य दुसरे नसते. स्क्वाड्रनमधील तिसरी नौका ‘कुठार’ त्याआधीच बॉयलर रूममधील स्फोटामुळे निकामी झाली होती, त्यामुळे शोधमोहीम दोनच नौकांवर आली होती.

बाईंचे म्हणणे असे होते, की हे सारे फलकावर, निदान फलकाशेजारच्या माहितीपत्रकात आले पाहिजे. “ज्या माणसांना आपण शूर म्हणतो त्यांना कोणत्या साधनांनिशी पाठवले होते, हे न सांगणे म्हणजे अर्धाच सन्मान झाला. जुने सोनार आणि मंद वेग घेऊन ती माणसे निघाली, हे सांगितले की त्यांचे धैर्य कमी होत नाही, वाढते. आणि पुढच्या वेळी कोणाला कोणत्या जहाजावर पाठवायचे, याचा विचार करणाऱ्यांवर त्याचा थोडा तरी धाक राहतो.”

“बाई, हे काम चौकशी समितीचे आहे, स्मारकाचे नाही,” चीफकाका ठामपणे म्हणाले. “तो प्रयोग फसला असे आज म्हणता येते, चालला असता तर त्याच अधिकाऱ्याचे कौतुक झाले असते. ज्याने ते उपकरण बनवले तोही त्या जहाजाबरोबर गेला. त्याच्या घरच्या माणसांनी येऊन तो फलक वाचला, तर त्यांना काय वाटेल? शूर माणसाच्या नावाशेजारी चूक हा शब्द लिहायचा नसतो.”

त्यांनी पुढे ‘किरपाण’चा प्रश्नही स्वतःहून काढला, कारण तो कोणीतरी विचारणारच हे त्यांना माहीत होते. ‘खुकरी’ बुडत असताना ‘किरपाण’ तेथून निघून गेली, हे ऐकणाऱ्याला भेकडपणाचे वाटते. प्रत्यक्षात पाणबुडी जवळ असताना माणसे उचलण्यासाठी थांबलेले जहाज हे तिचे पुढचे लक्ष्य ठरते. 22 सप्टेंबर 1914 रोजी उत्तर समुद्रात जर्मन पाणबुडी ‘यू-9’ने ‘अबुकिर’ ही ब्रिटिश क्रूझर बुडवली, तेव्हा ‘हॉग’ आणि ‘क्रेसी’ या तिच्या सोबतिणी बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी थांबल्या आणि एकाच सकाळी तिन्ही नौका गेल्या. 1,400 हून अधिक माणसे मेली. तेव्हापासून अशा प्रसंगी थांबू नये हा धडा प्रत्येक नौदल शिकवते. ‘हंगोर’ने ‘किरपाण’वरही टॉर्पेडो सोडले होते. ती ‘कच्छल’ या नौकेसह परत आली आणि 67 जण पाण्यातून उचलले गेले. आपले सोबती पाण्यात आहेत हे ठाऊक असताना सुकाणू फिरवण्याचा आदेश देणे आणि तो पाळणे, यालाही धैर्य लागते, असे चीफकाकांनी सांगितले, आणि बाईंनी ते कोणतीही अट न घालता मान्य केले.

परंतु ‘किरपाण’चे वर्तन समजण्यासाठी जर 1914 चा इतिहास सांगावा लागतो, तर ‘खुकरी’चे बुडणे समजण्यासाठी सोनारचा इतिहास का सांगू नये, हा बाईंचा प्रतिप्रश्न होता आणि त्याला चीफकाकांकडे पुरेसे उत्तर नव्हते. या मुद्द्यावर बाईंची बाजू अधिक भक्कम आहे. कारण आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या यंत्रांनिशी, उपलब्ध साधनांतून काहीतरी नवे करून पाहण्याची धडपड करताना हे जहाज गेले, असे लिहिले तर त्यात कोणाच्या नावाला काळिमा लागत नाही. उलट त्या तरुण अधिकाऱ्याच्या कल्पकतेची नोंद सामान्य वाचकापर्यंत जाते. कारणे दडवली की त्यांची जागा अफवा घेतात आणि अफवांचा त्रास सर्वाधिक होतो तो मृतांच्या घरच्यांना. मेजर जनरल इयन कार्डोझो यांनी 2006 साली वाचलेल्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने एकत्र केल्या, त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे.

सन्मानाच्या प्रत्यक्ष रूपांकडे वळले, की एक विचित्र क्रम दिसतो. दीवच्या टेकाडावर, समुद्रासमोर, काचेच्या आवरणात ‘खुकरी’ची प्रतिकृती असलेले स्मारक उभे राहिले ते डिसेंबर 1999 मध्ये, म्हणजे घटनेनंतर 28 वर्षांनी. कॅप्टन मुल्ला यांच्यावरचे टपाल तिकीट 2000 साली निघाले. हुतात्म्यांची नावे ग्रॅनाइटवर कोरणारे राष्ट्रीय युद्धस्मारक दिल्लीत 25 फेब्रुवारी 2019 रोजी खुले झाले. मुंबईत नौदलाचा गौरवस्तंभ आहे आणि नौदल दिनी तेथे पुष्पचक्रे वाहिली जातात, पण तो नौदल गोदीच्या आत असल्यामुळे सामान्य माणसाचे पाऊल तेथे रोज पडू शकत नाही. याच्या तुलनेत 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात गेलेल्या 66 अग्निशामकांचे स्मरण मुंबईने अधिक जिवंत ठेवले आहे. दरवर्षी त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो, आणि त्यात एका अधिकाऱ्याचा नव्हे तर सबंध दलाचा मान राखला जातो.

बाईंनी येथे सामूहिक सन्मानाचा मुद्दा मांडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सबंध तुकडीला किंवा जहाजाला मानपत्र देण्याची प्रथा सुरू केली. 1942 साली ब्रिटनने जॉर्ज क्रॉस हे पदक माल्टा या सबंध बेटाला दिले. भारतीय सैन्यदलांतही तुकडीला मानपत्र देण्याची पद्धत आहे. मग एकाच रात्री आपल्या जागेवर गेलेल्या 194 जणांचे धैर्य एकत्रितपणे का गौरवू नये, असे त्यांचे विचारणे होते.

चीफकाकांच्या मते नौदलाने तसा सन्मान आपल्या पद्धतीने आधीच केला आहे. गेलेल्या जहाजाचे नाव नव्या जहाजाला देणे हा तो सन्मान होय. स्वदेशी बनावटीच्या क्षेपणास्त्रधारी कॉर्व्हेटच्या, म्हणजे फ्रिगेटहून लहान युद्धनौकेच्या, नव्या वर्गातील पहिली नौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली, तिचे नाव ‘खुकरी’ ठेवले गेले आणि 23 ऑगस्ट 1989 रोजी ती ताफ्यात दाखल झाली, तेव्हा कॅप्टन मुल्ला यांच्या पत्नी सुधा मुल्ला त्या समारंभात होत्या. हे सांगताना चीफकाकांच्या स्वरात अभिमान होता, कारण त्या गोदीत पत्रे कापणारे, वेल्डिंग करणारे, नळ जोडणारे हात याच उपनगरांतून जात होते. 32 वर्षांच्या सेवेनंतर 23 डिसेंबर 2021 रोजी ती निवृत्त झाली आणि पुढच्या प्रजासत्ताक दिनी दीव प्रशासनाकडे संग्रहालयासाठी सोपवण्यात आली. एवढे सांगून त्यांनी एक खंतही बोलून दाखवली: 1971 च्या युद्धातलीच ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तिला या श्रीमंत शहराने सांभाळले नाही आणि 2014 साली ती दारूखाना येथे तोडायला घेतली गेली, दीवसारख्या लहानशा गावाने मात्र ‘खुकरी’ला घर दिले. या खंतीत बाई सहभागी होत्या, आणि मुंबईकर म्हणवणाऱ्या प्रत्येकाने व्हावे अशीच ती आहे.

बाईंना आणखी एक ओळ हवी होती. 4 डिसेंबरच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेल्या हल्ल्यात पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली आणि तिच्यावरचे 200 हून अधिक नाविक मेले. आपण तो दिवस नौदल दिन म्हणून साजरा करतो, तर ‘हंगोर’ आज कराचीच्या संग्रहालयात अभिमानाने उभी आहे. दोन्हीकडच्या बुडालेल्यांची आठवण एका ओळीत असावी, असे त्यांना वाटत होते. चीफकाका यावर रागावतील ही त्यांची अपेक्षा खोटी ठरली. बॉयलर रूम कोणत्याही देशाची असली तरी शिडी तेवढीच उंच असते, असे ते म्हणाले. पण वसाहतीच्या वाचनालयात ही ओळ लावली तर तिच्यावरच भांडण होईल आणि फलक बाजूला राहील, म्हणून ती माहितीपत्रकात घ्यावी असे त्यांनी सुचवले, आणि तसे ठरले.

शेवटचा वाद नावांच्या क्रमाचा होता. वाचनालयाच्या भिंतीवर 194 नावे मावतील इतकी जागा काढता येत होती. चीफकाकांना नौदलाच्या शिरस्त्याप्रमाणे हुद्द्यांचा क्रम हवा होता: आधी अधिकारी, मग नाविक. बाईंना वर्णानुक्रम हवा होता, म्हणजे कप्तान आणि स्वयंपाकी एकाच रांगेत येतील. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकावर हुद्दे मुळीच नाहीत, नावे मृत्यूच्या तारखेनुसार आहेत, हा दाखला त्यांनी दिला. चीफकाकांचा विरोध मोठेपणाच्या हट्टातून आलेला नव्हता. “हुद्दा काढला की माणूस कोठे होता तेच कळत नाही, बाई. स्टोकर म्हटले की तो खाली बॉयलरपाशी होता हे समजते. सिग्नलमन म्हटले की वर, उघड्यावर होता. कुक, स्ट्यूअर्ड, सोनारवाला, प्रत्येकाची जागा त्याच्या नावाला चिकटलेली असते. नुसते नाव लिहिले तर तो जहाजावर होता एवढेच कळेल, काय करत होता ते कळणार नाही.”

कामाला शौर्य मानणाऱ्या बाईंना हे नाकारता येणे शक्य नव्हते. त्यातून दोघांनाही आधी न सुचलेला तिसरा क्रम पुढे आला: हुद्द्यानुसार नाही, अक्षरानुसारही नाही, तर जागेनुसार. ब्रिज, सोनार कक्ष, वायरलेस, तोफा, स्वयंपाकघर, दवाखाना, यंत्रकक्ष, बॉयलर रूम असे गट करायचे आणि प्रत्येक गटात त्या कामावरच्या सर्वांची नावे, अधिकारी आणि नाविक असा भेद न करता, हुद्द्यासह लिहायची. कप्तानाचे नाव ब्रिजच्या गटात, आपल्या सोबत्यांमध्ये येईल.

या क्रमात एक मोठी अडचण आहे आणि ती चीफकाकांनीच सांगितली. हुद्द्यावरून माणसाची शाखा कळते, पण त्या रात्री आठच्या पाळीला नेमके कोण खाली गेले आणि कोण वर आले, हे ज्या पाळीपत्रकात लिहिलेले असते ते जहाजावरच राहते. ते कळण्याचा मार्ग उरतो तो वाचलेल्या 67 जणांच्या आठवणींचा. त्यांतले सर्वांत तरुण खलाशीही आज सत्तरी ओलांडलेले आहेत. म्हणून फलकाचे काम पुढे ढकलून आधी प्रसिद्ध आठवणींतून अशा नोंदी वेचायच्या, नौदलाच्या इतिहास विभागाला आणि माजी सैनिकांच्या संघटनांना पत्रे लिहायची आणि ज्यांची जागा निश्चित होणार नाही त्यांची नावे त्यांच्या शाखेखाली ठेवायची, असे दोघांनी ठरवले. पत्राचा मसुदा बाईंनी लिहायचा आणि कोणत्या जागेला नौदलात काय म्हणतात ते चीफकाकांनी तपासायचे, अशी कामाची वाटणी झाली.